पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या शेळ्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोरीच्या तक्रारी पोत्यानं पाहिल्या. सायकल, मोटारपंप, संत्र्याची भरलेली कॅरेटं, एकदा तर देवळाची घंटासुद्धा. पण खरा चोर फिर्यादी म्हणून माझ्यासमोर खुर्चीवर बसला, मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि जिचं चोरीला गेलं तिच्यावरच गुन्हा दाखल केला, असं एकदाच घडलं. त्यातली चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा पांढुर्ण्याला थाना प्रभारी, म्हणजे टी.आय., होतो. माझं मूळ गाव सौंसर तहसिलीतलं. आमचं दफ्तर मध्य प्रदेशचं, म्हणून रोजनामचा हिंदीत लिहायचा आणि घरी येऊन वऱ्हाडीत बोलायचं, अशी उभी नोकरी गेली. या दोन भाषांमध्ये वावरायची सवय या प्रकरणात कामाला आली.

सकाळची गणना, म्हणजे शिपायांची हजेरी, आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. त्याआधीच वरून फोन आला होता की एक मोठे वैज्ञानिक येत आहेत, नीट वागा. गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात जाड फाईल. दवाखान्यातले डॉक्टर नव्हेत. जनावरानं काय खाल्लं म्हणजे दूध वाढतं, याचा अभ्यास करणारे, पशुपोषणातले डॉक्टर. फाईलच्या पहिल्याच पानावर त्यांचे किती शोधलेख छापून आले आणि जगभरातल्या किती लेखांनी त्यांचा आधार घेतला, ते ठळक आकड्यांत छापलेलं होतं. ते पान त्यांनी माझ्याकडे वळवून ठेवलं.

तक्रार अशी, की पांढुर्ण्यात त्यांच्या प्रकल्पाची एक खोली होती. तिथं काम करणारी त्यांची विद्यार्थिनी चार नोंदवह्या घेऊन पसार झाली. "यह राष्ट्र की संपत्ति है, टी.आय. साहब," ते म्हणाले.

आमचे मुन्शी, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम पाहणारे हवालदार, जुने आणि कसलेले. त्यांनी विचारलं, वह्यांचा रंग कोणता? डॉक्टरसाहेब म्हणाले, लाल. मग म्हणाले, शायद नीला. मुन्शींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ज्याची म्हैस हरवते तो तिच्या शिंगाचं वळणसुद्धा सांगतो, हे मीच नव्या पोरांना शिकवत असे. पण फाईलचं ते पहिलं पान डोळ्यासमोर होतं आणि फोनही कानात होता. मी म्हणालो, "लिहा, चार वह्या. रंग राहू द्या." चोरीचा गुन्हा दाखल झाला.

चार दिवसांनी खबऱ्यानं सांगितलं की वह्या मुलीच्या आईकडे आहेत, लोधीखेड्याजवळच्या एका गावात. महिला आरक्षकाला, म्हणजे शिपाईबाईला, घेऊन मी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आई कापूस वेचून नुकतीच आली होती. बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली. आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. ती घाबरली नाही, रडली नाही. तिनं पेटी ओढली आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं काढलं.

"घ्या सायेब. पण पावती द्या. पोट्टीनं सांगून ठेवलं हाय, पावतीबिगर कागद द्याचा नाई."

मी जप्तीपत्रक केलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं आमच्या आरक्षकाकडून ते दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाली, "बाई, हिरव्या लिव ना. वह्या हिरव्या हायेत. रंग काहून नाई लिवला?"

मान खाली घालून मी रंग लिहिला. तिथंच मला जाग यायला हवी होती. आली नाही. वह्या मालखान्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःहून ठाण्यात हजर झाली. वय तिशीच्या आसपास, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. मी महिला आरक्षकाला बसवून चौकशी सुरू केली.

"वह्या खोलीतून तूच नेल्या?"

"हो साहेब, मीच नेल्या. पण चोरल्या नाही. माझ्याच हातच्या आहेत. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ सावरगावच्या अन् पांढुर्ण्याच्या गोठ्यांत जाऊन मी दूध मोजलं. संत्र्याची साल उन्हाळ्यात वाळवाची, दळाची, सरकीच्या ढेपीत मिसळून गायींना द्याची. कोणती गाय किती खाते, किती दूध देते, ते सगळं त्या वह्यांत आहे."

"मग डॉक्टरसाहेब काय खोटं बोलतात?"

तिनं पिशवीतून दोन कागद काढले. एक तिच्या विद्यापीठाचं पत्र होतं. तिनं पीएच.डी.चा प्रबंध दाखल केला, तेव्हा तिथल्या मशीननं दाखवलं की बराचसा मजकूर आणि सगळे तक्ते एका छापून आलेल्या लेखाशी जुळतात. तो लेख डॉक्टरसाहेबांचा, त्याचीच प्रत म्हणजे दुसरा कागद. ते तिचे मार्गदर्शक. दर महिन्याला तपासायला म्हणून ती त्यांना वह्यांच्या झेरॉक्स देत असे. त्यावरून त्यांनी लेख आधीच छापून घेतला, तोही तिच्या नावाशिवाय. शेवटी एका ओळीत 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार' एवढंच होतं. आता विद्यापीठानं तिलाच नक्कलखोर ठरवलं होतं. समितीपुढे बाजू मांडायला तिला थोडे दिवस दिले होते. मूळ वह्या दाखवल्या तर प्रबंध वाचणार होता, नाहीतर रद्द.

"वह्या त्यांच्या हाती गेल्या तर संपलं, साहेब," ती म्हणाली. "मी माझ्याच कामाची चोर होऊन राहिली."

मला तिचं बोलणं बरंचसं पटलं, पण पुरतं नाही. असे अश्रूंविना बोलणारे आरोपी मी पाहिलेले आहेत, काही खरे असतात, काही पाठ करून आलेले. मी तिला विचारलं, तो पहिल्या पानावरचा मोठा आकडा कशाचा असतो?

"आपला लेख दुसऱ्यांनी आपल्या लेखात आधाराला घेतला की तो एक धरतात. सायटेशन म्हणतात. ज्याचं नाव जास्त वेळा येतं तो मोठा."

मुन्शी शेजारी लिहीत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडेही तसंच हाय बाई. ज्याचं नाव जास्त वेळा येते त्याले आमी निगराणी बदमाशाच्या यादीत टाकतो."

ती त्या दिवशी तेवढीच हसली. मी तिला जाऊ दिलं, गरज पडेल तेव्हा हजर राहण्याचं लिहून घेऊन.

आठवड्याभरात न्यायालयातून कागद आला. डॉक्टरसाहेबांनी वह्या सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत आपल्या ताब्यात मिळाव्यात, असा अर्ज केला होता. त्यावर ठाण्याचं मत मागितलं होतं. फिर्यादीनं माल मागितला तर ठाणं सहसा 'आपत्ति नहीं' लिहून मोकळं होतं. दिवसाला असे कितीतरी कागद जातात. मी पेन उघडलं होतं. सही झाली असती तर वह्या त्यांच्याकडे गेल्या असत्या आणि मग त्यांना वाळवी लागली असती किंवा पाणी. कागदाला अपघात व्हायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सायेब, आत येऊ का जी?"

सावरगावचा एक म्हातारा गोपालक होता. धोतर, टोपी, पायाला शेण. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"त्या दूध मोजनाऱ्या बाईले तुमी काहून धरलं, सायेब?"

"तुमचा काय संबंध, बाबा?"

"माया चार गायी तिच्या वहीत हायेत ना. दोन वर्सं झाले, पानी असो का थंडी, पहाटी माया गोठ्यात हजर. मायी सून बाळंतपनाले गेली तवा तिनं शेन बी काढलं. तुमचे ते मोठे सायेब म्या एकडाव पाह्यले. फोटो काढाले आले होते. नाकाले रुमाल लावून गायीपाशी उभे राह्यले, फोटो झाला, गाडीत बसले. गायीनं शेपटी हालवली तं उडी मारली त्याईनं!"

"हे लिहून द्याल?"

"अंगठा देतो. माया गायीले बोलता येत असतं तं तिनंबी देल्ला असता."

मी पेनाला टोपण लावलं. मालखान्यातून वह्या मागवल्या. खरं सांगतो, जप्त करून इतके दिवस झाले होते आणि मी त्या तोपर्यंत एकदाही उघडल्या नव्हत्या. मालाला क्रमांक दिला की माल आमच्यासाठी मुका होतो.

वह्या पाहताना मला आमचा रोजनामचा आठवला. तारीख, गायीचं नाव, किती ढेप, किती कुटार म्हणजे भुसा, किती साल, सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, शेवटी शेरा. आकडे इंग्रजीत, शेरे मराठीत. 'कपिला आजारी.' 'पाऊस, साल ओली, फेकली.' पानं उलटता उलटता एका ओळीवर थांबलो. आदल्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं होतं 'पोळा'. त्या दिवशीचे आकडे होते. दुसऱ्या दिवशी सगळे रकाने कोरे, आडवी रेघ मारलेली, आणि शेऱ्यात एकच शब्द: 'गोट'. पुढच्या वर्षाची वही काढली. तिथंही पोळ्याचा दुसरा दिवस कोरा, शेरा 'गोट'.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मध्यात पळसाचं झाड रोवतात, झेंडा लावतात आणि पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. आमच्या बोलीत दगडाला गोटा म्हणतात, म्हणून गोटमार. त्या दिवशी ना कोणी गोठ्यात जातं, ना पुलावरून वाहन जातं. पोरीनं घाईत 'गोटमार'चं 'गोट' केलं होतं आणि आकडा नाही म्हणून जागा कोरी सोडली होती.

मग मी मुलीनं दिलेली डॉक्टरसाहेबांच्या छापील लेखाची प्रत घेतली. माझं इंग्रजी कामापुरतं. बोट ठेवून एक-एक ओळ वाचली. तिसऱ्या पानावर पोहोचलो आणि खुर्चीवरून उठलोच. तिथं लिहिलं होतं की दोन्ही वर्षी एका ठरावीक दिवशी गायींऐवजी तुलनेसाठी शेळ्यांची मोजणी करण्यात आली. खाली शेळ्यांच्या दुधाचे आकडेही दिले होते!

'गोट' हा शब्द बाहेरगावच्या डॉक्टरसाहेबांनी इंग्रजी 'गोट', म्हणजे शेळी, समजून वाचला होता. कोऱ्या रकान्यात त्यांनी शेळ्या बांधल्या, शेळ्यांना साल खाऊ घातली आणि त्यांचं दूधही काढलं. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या शेळ्या उगवायच्या आणि संध्याकाळी नाहीशा व्हायच्या. मी मुन्शींना दाखवलं. मुन्शी हसू लागले. मला हसू आलं नाही. दोन वर्षं पावसात फिरलेल्या पोरीला जिथं आकडा नव्हता तिथं कोरं सोडण्याची लाज वाटली नाही. या माणसाला कोरी जागा पाहवली नाही, म्हणून त्यानं खोटं भरलं, आणि तोच प्रामाणिकपणाची फाईल घेऊन माझ्या दारात आला होता.

मी मुलीला फोन करून विचारलं, त्या लेखाचा आधार घेणाऱ्या लोकांच्या हे लक्षात आलं नाही? ती म्हणाली, "नाही साहेब. पुढच्या कितीतरी लेखांत लिहिलं आहे, गायी अन् शेळ्या दोघींवरही प्रयोग झाला. कोणी मूळ पाहतच नाही. मला वाटलं होतं त्यांनी मुद्दाम नवीन काही जोडलं असेल. माझा शब्द असेल हे ध्यानातच नाही आलं."

आता फिर्यादीचं पुरवणी बयाण घ्यायचं ठरवलं. डॉक्टरसाहेब आले, त्यांना वाटलं वह्या मिळणार. मी अगदी नरमाईनं विचारलं. मुन्शी लिहीत होते.

"सर, वो बकरियाँ किसकी थीं?"

"सावरगाँव के एक किसान की."

"कितनी?"

"चार."

"नस्ल?"

"बेरारी."

"दोनों साल वही?"

"बिल्कुल वही."

"नाप किसने लिया?"

"मैंने खुद. फील्ड का काम मैं किसी पर नहीं छोड़ता."

"सावरगाँव गए कैसे थे?"

"अपनी गाड़ी से. पुल पार करके."

मुन्शींचं पेन थांबलं. गोटमारीच्या दिवशी त्या पुलावर आमच्याच ठाण्याचा बंदोबस्त असतो. मुन्शींच्या भुवईवर टाक्यांची खूण आहे, ती तिथलीच. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हे लिहू का?"

"लिहा. शब्दशः लिहा."

बयाण वाचून दाखवलं, डॉक्टरसाहेबांनी प्रत्येक पानावर सही केली. मग मी हिरवी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टर साहब, गोट माने बकरी नहीं. गोट माने पत्थर. आप जिस दिन गाड़ी से पुल पार कर रहे थे, उस दिन वहाँ पत्थर बरस रहे थे और मैं हेल्मेट लगाकर खड़ा था, दोनों साल."

त्यांनी पेला उचलला. घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "टाइपिस्ट की गलती होगी." गुन्हेगार कितीही शिकलेला असो, पकडल्यावर आधी आपल्यापेक्षा लहान माणसाकडे बोट दाखवतो. मुली, टायपिस्ट, कर्मचारी. मी माझा आवाज त्या दिवशी चढवला, हे कबूल करतो. ठाण्यात बाहेर उभ्या लोकांनीही ऐकलं. मी म्हणालो, चार शेळ्यांची जात सांगितलीत ती टायपिस्टनं सांगितली का?

न्यायालयाला मी सविस्तर अहवाल दिला, सुपुर्दनाम्याला हरकत घेतली, गोपालकाचं बयाण जोडलं. गुन्हा खोटा ठरून खारिज झाला. न्यायालयाच्या आदेशानं वह्या मुलीला मिळाल्या. तिची आई त्या घ्यायला सोबत आली होती. तिनं चारी वह्या मोजून घेतल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता पावती आमी द्याची का, सायेब?" मी म्हणालो, नको, बाई. मला तिच्या डोळ्यांत पाहवलं नाही.

समितीपुढे वह्या आणि ते सही केलेलं बयाण, दोन्ही गेलं. तिचा प्रबंध मान्य झाला, डॉक्टरेट मिळाली. इथपर्यंत सगळं चांगलं. पण डॉक्टरसाहेबांबद्दल समितीनं काय लिहावं? 'असावधानी'. चोरी केली, खोटे आकडे भरले, पोलिसात खोटी तक्रार देऊन एका मजुराच्या घराची झडती घडवली आणि त्याला म्हणायचं असावधानी! खोट्या तक्रारीबद्दल कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला होता. तो वर गेला आणि वरच राहिला. लेख आजही जिथं छापला होता तिथंच आहे, शेळ्यांसकट.

मी निवृत्त झालो, सौंसरला घर बांधलं. मागच्या हिवाळ्यात ती मुलगी भेटायला आली. आता ती स्वतः शिकवते. तिनं आपल्या वह्यांवरून आपल्या नावानं लेख लिहिला होता, तो छापून आला होता. मी मनापासून अभिनंदन केलं. तरी तिचा चेहरा उतरलेला.

"काय झालं, बाई?"

"लेख छापण्याआधी तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, साहेब, असं काम आधी एकानं केलेलं आहे. त्याच्या लेखाचा उल्लेख केल्याशिवाय छापता येणार नाही."

"कोणाचा लेख?"

तिनं आपल्या लेखाचं शेवटचं पान उघडून एका नावावर बोट ठेवलं. मला कळलं.

"मग टाकलास तू?"

"टाकला. अन् स्पष्ट लिहिलं की त्यातली माहिती मूळ नोंदींशी जुळत नाही, चुकीची आहे."

"मग बरोबरच केलंस की."

"साहेब, मोजणारी मशीन वाक्य वाचत नाही. ती नाव पाहते अन् एक धरते." तिनं लेख पिशवीत ठेवला. "त्यांचा एक वाढला. माझ्या हातानं."

आम्ही पोलीस समजतो की माल सापडला, मालकाला परत गेला की काम संपलं. या प्रकरणात माल परत गेला आणि तरी चोर रोज थोडा थोडा मोठा होतो आहे. तिथं शिवी दिली तरी ती सलाम म्हणूनच मोजली जाते. आमच्या खात्यात दोष कमी नाहीत, पण दरोडेखोराच्या नावापुढच्या नोंदी दाखवून त्याला कोणी हार घातल्याचं मी पाहिलं नाही. मोठ्या आकड्याला भुलून मी एका बाईच्या घरातली पेटी उघडायला लावली, ते ओझं माझं मी वाहतो. पण निदान त्या आकड्यात मला भर घालायची नाही. काही मित्रांनी विचारलं की एवढा राग आहे तर नाव का लिहीत नाही, कोणाला भितोस? भीत कोणाला नाही. नाव लिहिलं असतं, तर त्यांचा आणखी एक वाढला असता.